ट्रेलरचा ब्रेक उजवीकडे हवा

संजीवनी मानेच्या नाकावर राग असतो, असं तिच्या ऑफिसातले सगळे म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. विट्याची ही बाई दोह्यातल्या एका बांधकाम कंपनीत क्वांटिटी सर्व्हेअर आहे. साइटवर तिने नुसतं बोट दाखवलं की भिंत पुन्हा मोजली जाते आणि कॉन्ट्रॅक्टरची माणसं मुकाट्याने टेप धरतात. नवरा सचिन समुद्रातल्या गॅसच्या प्लॅटफॉर्मवर, एक महिना तिकडे आणि एक महिना घरी. म्हणजे अर्धं वर्ष अल दुहैलचं घर, नऊ वर्षांची ईशा, तिची शाळा, दवाखाना आणि ती सात सीटची दांडगी गाडी, सगळं संजीवनीच्या एकटीच्या अंगावर. गाडी तेवढी सचिनच्या नावावर आहे.

त्या गाडीमागे जोडायला दोघांनी एक ट्रेलर घेतला. तिच्या ऑफिसातलं एक कुटुंब दोहा सोडून चाललं होतं, त्यांचा. वर घडीचा तंबू, खाली अंथरुणं आणि शेगडी. हिवाळ्यात दोह्याच्या उत्तरेला समैस्म्याच्या पुढे किनाऱ्यावर जाऊन राहायचं, हे तिचं जुनं वेड. ट्रेलरच्या चाकांना विजेवर चालणारे ब्रेक होते, पण ते चालवणारा कंट्रोलर गाडीत नव्हता. तो एवढासा डबा. आपण पायाने गाडीचा ब्रेक दाबला की तो ट्रेलरचीही चाकं धरतो, आणि नुसता ट्रेलर आवरायचा असेल तर डब्याची खिट्टी हाताने सरकवायची. सचिनची पाळी संपायची वाट न बघता येत्या शुक्रवारी ईशाला घेऊन आपणच जायचं, असं संजीवनीने ठरवलं आणि ईशाला सांगूनही टाकलं.

ट्रेलर आधीच्या मालकाने इंडस्ट्रियल एरियातल्या एका गॅरेजात आणून सोडला होता. तिथला इलेक्ट्रिशियन इरशाद. कामात स्वच्छ, बोलायला गोड, पण पालुपद एकच, सर कधी येणार? वायर कुठून ओढायची ते सरांना विचारतो, डबा कुठे बसवायचा ते सरांना विचारतो. गाडी मीच चालवते, असं संजीवनीने दर खेपेला सांगितलं. दर खेपेला तो ‘हां हां मॅडम’ म्हणाला आणि त्याने सचिनलाच फोन लावला. सचिन ड्युटीवर असला की फोन लागत नसे आणि काम तिथेच अडकत असे. ज्या माणसाने तो डबा डोळ्यांनी पाहिलाही नव्हता, त्याच्या होकारावाचून इथे स्क्रू फिरत नव्हता. बिचारी रोज ऑफिसमधून लवकर निघायची आणि रोज हात हलवत परत यायची.

गुरुवारी दुपारी डबा बसवून झाल्याचा निरोप आला. ईशाला शाळेतून घेऊन ती तडक गॅरेजात गेली आणि स्टिअरिंगमागे बसून उजव्या हाताने खिट्टी चाचपू लागली. हाताला काहीच लागेना. डबा होता पार डावीकडे, दाराजवळ.

“सर ने बोला, लेफ्ट में लगाओ,” इरशाद म्हणाला.

सचिन डावखुरा आहे. संजीवनीने कपाळाला हात लावला आणि त्याला फोन केला. नशिबाने तो लागला.

“अगं, मी आल्यावर ट्रेलर मलाच वढायचा न्हवं? मग डावीकडंच बरं पडतंय,” सचिन म्हणाला.

“आणि उद्या?”

“उद्या नगं. मागं ट्रेलर असला की गाडी येगळी वागती. पोरीला घिऊन एकटी कुटं जातीस? मी आल्यावर जाऊ की.”

“पोरीला रोज शाळेत कोण नेतंय, सचिन?”

“त्ये येगळं.”

संजीवनीला फार लागलं. धुळीच्या वादळात पुढचं दिसत नसताना तिने गाडी घरी आणली आहे. प्लॅटफॉर्मवरून परतला की हाच माणूस तिच्या शेजारच्या सीटवर घरापर्यंत खुशाल घोरत येतो. फोन ठेवून तिने इरशादला डबा काढून उजवीकडे लावायला सांगितलं. तो सरांचं नाव काढायला लागला.

“सर को मैं देख लूँगी,” ती म्हणाली. “अभी निकालो.”

साइटवरचा आवाज होता तो. डबा निघाला आणि उजव्या गुडघ्याच्या वर बसला.

मग ट्रेलर जोडून, इरशादला शेजारी आणि ईशाला मागे बसवून, ती गॅरेजमागच्या मोकळ्या रस्त्यावर निघाली. हळू वेगात तिने खिट्टी सरकवली. गाडीला असा हिसका बसला की ईशाच्या हातातली बाटली पडली. इरशादने जोर कमी केला, तर आता ट्रेलर दादच देईना. थोडा वाढव, म्हणाली, अजून थोडा, आता बस्स. पुढच्या वेळी मागून कुणी पदर धरून थांबवावं तशी गाडी अलगद थांबली. आठवडाभरात संजीवनी पहिल्यांदाच हसली.

“आई, सो वी आर गोइंग?” ईशाने विचारलं.

“जायाचंय की.”

गॅरेजात परत येऊन इरशाद खाली उतरला, तोच त्याचा फोन वाजला. हात ग्रीसने भरलेले, म्हणून त्याने फोन बॉनेटवर ठेवून स्पीकर लावला. सचिन होता. काम झालं का, डबा हलवला का, वगैरे विचारून झालं. मग म्हणाला,

“इरशादभाई, आप साथ में बैठे थे. मॅडम ठीक चलाती है ना? आपको क्या लगता है, कल जाने दूँ?”

उघड्या खिडकीतून हे तिला ऐकू आलं, ईशालाही आलं. दोह्यात आठ वर्षं गाडीत तिच्या शेजारी बसणारा नवरा दहा मिनिटं बसलेल्या परक्या माणसाला हे विचारत होता.

इरशादचं उत्तर ऐकायला ती थांबली नाही. खाली उतरून तिने बॉनेटवरचा फोन त्याच्या हातात दिला, ‘शुक्रन’ म्हणून आभार मानले आणि परत बसून ट्रेलरसकट गाडी फाटकाबाहेर काढली. घराकडचं वळण आलं ते तिने सोडून दिलं. उद्यापर्यंत थांबायचा धीर तिच्यात उरला नव्हता, जेवणाचं वाटेत बघता आलं असतं. समैस्म्यापर्यंत तिचे डोळे भरून येत राहिले, आणि गाडी एकदाही वाकडी गेली नाही.