पहिल्या बसच्या आधी

माझ्या दादाला डेपोत सगळे भोंगा म्हणतात. समोर म्हणतात, कारण मागून म्हटले तरी त्याला ऐकू जाते आणि मग तो जे ऐकवतो ते दोन रस्ते पलीकडे ऐकू जाते. तो बस चालवतो. स्टॉपवर गाडी लावून फोनवर बोलणाऱ्यांना तो खिडकीतून झापतो, दारात लटकणाऱ्या कॉलेजच्या मुलांना आत शिरायला लावतो, आणि एखादी म्हातारी चढत असताना कंडक्टरने घाईने घंटी मारली तर कंडक्टरची धडगत नसते. राग त्याच्या नाकावर असतो असे लोक म्हणतात. मला विचाराल तर त्याच्या नाकाला दोष देण्यात अर्थ नाही. समोर जे दिसते तेच तसे असते.

इतकी वर्षे त्याने एकच पाळी मागून घेतली, पहिली. पहाटे शहरातली पहिली बस तोच बाहेर काढतो. इतर ड्रायव्हर ही पाळी टाळतात, दादा तिला चिकटून आहे, कारण आमचे घर त्या पाळीवर उभे आहे. आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून तिची डावी बाजू गेली. सकाळी तिच्याजवळ वहिनी असते. दुपारी वहिनी दवाखान्यात कामाला जाते, आणि त्याच वेळी दादा पाळी संपवून येतो. नवराबायकोची भेट दारात होते, एक चपला काढत असतो, दुसरी घालत असते. मी चष्म्याच्या दुकानात काम करते आणि वसतिगृहात एका कॉटवर राहते, त्यामुळे माझा उपयोग फक्त सुट्टीच्या दिवशी. पहिली पाळी गेली की आई एकटी पडणार, हे आम्हा तिघांनाही न बोलता माहीत होते.

आणि अशात जुन्या घरमालकाने जागा विकायला काढली. "तुमची सोय बघा," म्हणाला. जणू सोय कुठेतरी झाडाला लागलेली असते.

आम्ही घरे बघायला लागलो. मी बरोबर जायचे, कारण दादा एकटा गेला तर एजंट दुसऱ्यांदा फोन उचलायचे नाहीत. पहिल्याच एजंटाने आम्हाला पार शहराबाहेरच्या एका इमारतीत नेले, पंखा लावून दाखवला, नळ सोडून दाखवला आणि मग हुकमी पत्ता काढावा तसा म्हणाला, "आणि साहेब, जाण्यायेण्याचं टेन्शनच नाही. दारात बसस्टॉप. पहाटेपासून बस."

"ती पहाटेची बस कोण चालवतं?" दादाने विचारले.

"म्हणजे?"

"मी चालवतो. मी डेपोत पोचल्याशिवाय ती बस डेपोतून निघत नाही. मग मी डेपोत कशाने जाऊ? तुझ्या खांद्यावर बसून?"

एजंट हसला, त्याला वाटले विनोद आहे. दादाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला हाताला धरून खाली आणले.

हेच पुढे प्रत्येकाने ऐकवले. दारात बस, दाराजवळ बस, दोन पावलांवर बस. ज्या माणसाच्या जिवावर सगळे शहर कामाला जाते, त्याने स्वतः कामावर कसे जायचे याचा विचार एकाही शहाण्याने केला नव्हता. स्कूटर होती, ती आईच्या आजारपणात गेली. सायकल म्हणाल तर बस चालवून चालवून दादाच्या कंबरेने केव्हाच राजीनामा दिला आहे. पहाटेची रिक्षा रोज केली तर पगार तिच्याच घशात जाईल. म्हणजे घर हवे ते चालत जाता येईल असे, डेपोच्या जवळ. आणि डेपोच्या जवळच्या रस्त्यांवर भाडी अशी की ऐकूनच घाम फुटावा. का तर म्हणे बसची सोय!

"माझीच बस," दादा घरी येऊन ओरडला, "आणि तिचं भाडं माझ्याकडूनच मागतात!"

वहिनी आईचे केस विंचरत होती. ती कमी बोलते, पण बोलली की नेम चुकत नाही. "अहो, मी एक विचारू? तुम्ही घर बघताय की रूट बघताय?"

"म्हणजे काय?"

"आजवर बघितलेली सगळी घरं बसच्या रस्त्यावरची. तुम्हाला बस लागतच नाही, मग बसच्या रस्त्याचं भाडं आपण कशाला भरायचं? बस जात नाही तिथं बघा की."

खरेच होते. दादाने हे शहर ड्रायव्हरच्या सीटवरूनच पाहिले होते. जिथे त्याचे स्टिअरिंग वळत नाही तिथे माणसे राहतात हे त्याच्या डोक्यातच आले नव्हते.

"हे आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही बोलू दिलंत तर ना."

डेपोच्या मागच्या भिंतीला लागूनच वस्ती होती. बस धुतात त्या बाजूला एक लहान फाटक आहे, त्यातून बाहेर पडले की गल्ली. वर्षानुवर्षे दादा त्या फाटकाशी चूळ भरत आला होता, पलीकडे डोकावला नव्हता. गल्लीत वळणावर एक दुमजली घर मिळाले. वर मालकीणबाई, खाली दोन खोल्या रिकाम्या. डिझेलचा वास यायचा, पण रस्त्याकडे मोठी खिडकी होती. "इथे बसची सोय नाही हो," मालकीणबाई अवघडून म्हणाल्या, "म्हणून तर भाडं कमी."

दादा कितीतरी दिवसांनी हसला. "नकोच आहे, बाई."

आईची कॉट खिडकीशी लावली. दादा पहाटे फाटकातून आत शिरायचा, चहा प्यायलेले तोंड पुसेपर्यंत डेपोत. मला वाटले, चला, कुठेतरी एकदा आपल्या मनासारखे झाले.

पण आमचा दादा म्हणजे दादा. गल्लीतली म्हातारी माणसे पिशव्या घेऊन मोठ्या रस्त्यापर्यंत धापा टाकत जायची. एकदा एका गरोदर बाईला लोक खुर्चीवर बसवून उचलून नेताना त्याने पाहिले. मालकीणबाई बस मागण्याचा अर्ज घेऊन खाली आल्या, तेव्हा त्याने सगळ्यांत आधी सही ठोकली. सहीवर थांबला असता तर तो दादा कसला! अर्ज कोणाच्या टेबलावर ठेवायचा हे त्यानेच सांगितले. वळणावर बस वळणार नाही असे साहेब म्हणाले, तर याने लहान बस मागून घेतली आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वळवून दाखवली.

"नीट विचार केलात ना?" वहिनीने विचारले होते.

"यात विचार काय करायचा? माणसं चालतायत, बस पाहिजे."

बस मंजूर झाली. पहिल्या दिवशी दादानेच आणली. वळणावर त्याने वेग कमी केला, खिडकीत आई बसली होती. तिने चांगला हात वर केला. बसमधल्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मुद्दाम सुट्टी काढून आले होते, आणि वेड्यासारखी रडले.

त्याच दुपारी मालकीणबाई खाली आल्या. बसल्या, पाणी प्यायल्या, आईची चौकशी केली. मग म्हणाल्या, "आता दारात बस आली. पुढच्या महिन्यापासून भाडं वाढवावं लागेल हं."

दादाला आधी कळलेच नाही. कळले तेव्हा भिंती हादरल्या. "अहो, ती बस मी आणली तुमच्या दारात!"

"हो ना. त्याबद्दल आभारच आहेत."

"मी त्या बसमध्ये बसतच नाही! मी तिला आणायला जातो, चालत!"

"तो तुमचा प्रश्न. आजच दोघंजण जागा विचारून गेले. तुम्हाला जमत नसेल तर सांगा." पदर सावरून त्या जिना चढून गेल्या. आभार मानून गळा कापणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत, पण पाणी पिऊन कापणारी ही पहिलीच. आजही त्यांचा तो शांत चेहरा आठवला की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

आंधळ्या वळणावर भोंगा वाजवावा असा नियम आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने तो नियम पाळला. वळणाच्या आधीपासून हात दाबला तो बस वळून सरळ झाली तरी काढला नाही. वरची खिडकी उघडेल, बाई केस सोडलेल्या बाहेर येतील, याची तो वाट बघत होता. खिडकी उघडली नाही. बाई झोपताना कानातले मशीन काढून ठेवतात. तान्ही मुले रडायला लागली, लोकांनी शिव्या घातल्या, आणि खाली आमची आई दचकून उठायला गेली ती कॉटवरून घसरली. वहिनी धावली म्हणून डोके वाचले.

दुपारी दादा आला तेव्हा आईच्या कोपराला पट्टी होती. तिची जीभ जड आहे, तरी तिने तक्रार केलीच. "कोण मेला ड्रायव्हर होता रे? एवढा भोंगा वाजवतात का?"

वहिनीने तिला काही सांगितले नव्हते. दादालाही गप्प राहता आले असते.

"मीच तो मेला," दादा म्हणाला, आणि तिच्या पायाशी बसला. संतापाचे हे असे. ज्यांच्या खिडक्या वर असतात त्यांच्यापर्यंत तो पोचत नाही, आपल्याच घरात येऊन पडतो. मला मालकीणबाईंचा राग आला, दादाचा आला, त्या अर्जाचा आला.

वाढीव भाडे जमणार नव्हते. आम्ही पुन्हा घरे बघायला लागलो. या वेळी दादा एजंटाला पहिला प्रश्न विचारायचा, "बस येते का?" हो म्हटले की आम्ही परत फिरायचो. शेवटी डेपोच्या दुसऱ्या बाजूला, टेकाडावर, एक जागा मिळाली. चढ दमछाक करणारा, डेपो लांब, पण चालत गाठता येण्याजोगा. पहिली पाळी वाचत होती. आईच्या कॉटला खिडकीही होती, खिडकीसमोर रिकामा रस्ता.

"एकच अडचण आहे," नवा मालक म्हणाला, "इथे बस नाही."

"घेतलं," दादा म्हणाला.

आम्ही पायऱ्या उतरत होतो तेवढ्यात शेजारचे एक आजोबा काठी टेकत आले. दादाच्या अंगावरचा खाकी शर्ट बघून त्यांचा चेहरा उजळला. "तुम्ही बसवाले ना? बरं झालं. आम्ही बससाठी अर्ज करतोय. कुणी ऐकत नाही. तुमच्या ओळखीनं काही होईल का? निदान एक सही तरी." त्यांनी खिशातून अर्जाचा कागद आणि पेन काढले.

मी दादाचे मनगट धरले. "दादा, नाही. कानाला खडा लाव. आईसाठी तरी नाही."

आजोबा वर चढून आल्याची धाप अजून टाकत होते. दादाने त्यांच्याकडे पाहिले, चढाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि माझ्या हातून मनगट सोडवून घेतले.

"मग काय करू?" तो माझ्यावर असा ओरडला की मालक दोन पायऱ्या मागे सरकला. "यांनी मरेपर्यंत हा चढ चढायचा?"

त्याने पेन हिसकावून घेतले, कागद भिंतीला लावला आणि सही केली. एवढ्या जोराने, की कागद फाटला. मग आजोबांना म्हणाला, "हा गेला. दुसरा आणा."