समाजवादी मामा, कम्युनिस्ट काका आणि चार घरांची विहीर

बारावीतल्या लेकीने विचारलं, "आई, समाजवाद आणि साम्यवाद यांत नेमका फरक काय?" मी गोलगोल उत्तर दिलं, तिने तोंड वाकडं केलं. माझे मामा आयुष्यभर समाजवादी आणि त्यांचे शेजारी ज्ञानोबाकाका पक्के कम्युनिस्ट, जालन्याच्या गिरणीत लाल झेंडा धरलेले. दोघंही जांब समर्थजवळच्या गावात. शनिवारी आम्ही दोघी निघालो.

जालन्याहून घनसावंगीपर्यंत एसटी, पुढे जीप. जीप भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा उन्हाळ्यात जाणार असाल तर पाणी सोबत ठेवा. जांबच्या मंदिरात दर्शन घेतलं आणि दुपारी मामींच्या भाकरी-पिठल्यावर ताव मारला. ठेचा जपून घ्या, मी पस्तावले.

जेवणानंतर लेकीने प्रश्न टाकला. मामा म्हणाले, "विहीर एका मालकाची नको, सगळ्यांची पायजे, इथवर आमचं दोघांचं बराबर जमतं. पण समाजवादात जो जेवढं काम करंल, त्याला तेवढं. आन् बदल मतं मागून आणायचा."

"आमच्यात ज्याला जेवढी गरज, त्याला तेवढं," काका म्हणाले. "काम झेपंल तेवढं. मतं मागत बसलं तर जल्म जाईल, उलथूनच टाकावं लागतं."

लेक भराभर लिहीत होती. तेवढ्यात शेजारच्या गयाबाई आल्या. मामा, गयाबाई धरून चार घरांची विहीर सामाईक. दर उन्हाळ्यात प्रत्येक घरातून एकाने उतरून गाळ काढायचा. जो उतरणार नाही, त्याची पाण्याची पाळी बंद. गाळ उद्याच काढायचा होता. गयाबाईंच्या एकुलत्या मुलाचा पाय प्लास्टरमध्ये, त्यांचे स्वतःचे गुडघे धरलेले. "पाळी न्हाई भेटली तर मोसंबी वाळंल, भाऊ," त्या म्हणाल्या.

"देऊन टाका पाणी, गरज हाये," काका म्हणाले.

"नियम मोडला तर पुढच्या साली कुणीच उतरणार न्हाई. मंग विहीर बुजंल," मामा म्हणाले. गयाबाई उठून गेल्या. मला मामांचा भयंकर राग आला. रात्री मी त्यांच्याशी बोलले नाही.

सकाळी विहिरीवर मामेभाऊ उतरला, बाकी दोन घरचे गडी उतरले आणि पाठोपाठ धोतर खोचून मामा उतरायला लागले. सत्तरीचे मामा!

"तुमच्या घरचा तर उतरलाय की," मी ओरडले.

"तो आपल्या घरचा. मी गयाच्या घरचा."

काका वरून गरजले, "गरज पाहूनच उतरला ना? जिंकलो मी!"

"काम करून पाणी घेऊन राह्यलो. जिंकलो मी!" आतून आवाज आला. मग काकांनीच दोर धरला आणि मामांनी भरलेली टोपली वर ओढायला सुरुवात केली. माझा राग कधीच गेला होता.

घरी येऊन आठवडा झाला. लेकीचं उत्तर पाठ आहे, गयाबाईंनी पिशवीत घालून दिलेली मोसंबी संपली. काल मामांना फोन केला. गयाबाईंच्या बागेला पाणी मिळालं होतं. मामा मात्र कंबर धरून पडलेले, काका रोज येऊन तेल चोळतात.

"ज्ञानोबा म्हणतो, काम न करता चोळून घेऊन राह्यला, आता तरी कबूल कर," मामा म्हणाले.

"मग?"

"केलं कबूल. कंबर लई दुखून राह्यली, बाई."