चार बोटं दिवस

आमच्या गल्लीत संध्याकाळी घड्याळाकडे कुणी बघत नाही, पद्मावतीवैनींच्या परसदाराकडे बघतात. निदान जैनांची सात-आठ घरं तरी. वैनी मागच्या पायरीवर येऊन उभ्या राहतात, उजवा हात लांब करतात, बोटं आडवी धरतात, एक डोळा मिटतात आणि सूर्य नि समोरचं पत्र्याचं छप्पर यांच्यामध्ये किती बोटं मावतात ते मोजतात. चार मावली की तासभर दिवस आहे. दोन मावली की त्या ओरडतात, "उरका गं बायांनो, दोनच बोटं ऱ्हायली!" मग घराघरातून ताटं वाजायला लागतात. दिवस मावळल्यावर त्यांच्यात जेवत नाहीत, आणि दिवस मावळला की नाही हे आमच्याकडे वैनी ठरवतात.

मी उमा, समोरच्या घरातली. माहेर वाईचं, नोकरी पोस्टात झाली. सगळा जन्म घड्याळाच्या काट्यावर गेला, त्यामुळे हा बोटांचा कारभार मला कधी पटला नाही. "वैनी, कॅलेंडरात सूर्यास्ताची वेळ छापलेली असते," असं मी तीस वर्षांत तीनशे वेळा तरी सांगितलं असेल.

"छापणारा कुठं ऱ्हातो?"

"असेल मुंबईला."

"मग त्यो तितला सूर्य सांगणार. आपला सांगलीचा हाय."

मुळात त्यात चूक काढता येत नाही, हाच खरा ताप.

कडेगावला त्यांच्या नणंदेच्या मुलीचं लग्न होतं. फोटोंच्या नादात पाहुण्यांची जेवणं लांबत चालली होती. वैनी सरळ स्टेजवर चढल्या, नवरीच्या शेजारी उभ्या राहिल्या, मांडवाच्या फटीतून हात लांब केला आणि एक डोळा मिटला. फोटोग्राफरला वाटलं, मावशींनी पोज दिली. त्यानं बटण दाबलं. तेवढ्यात वैनींनी माईकशिवाय मांडव हलवला, "दीडच बोट!" चाळीस माणसं पंगतीकडे पळाली. तो फोटो अल्बममध्ये लावलाय, मी बघितलाय.

तर अशा या वैनी. त्यांच्या घरात दोनदा कृष्णेचं पाणी शिरलं. दुसऱ्या वेळी फडताळातली डाळ फुगून दारं उघडली, तेव्हा मुलानं ठरवलं की आता वरच्या मजल्यावरच राहायचं. मुलाचं नाव अतिशय, तो साखर कारखान्यात इंजिनिअर. सून भाग्यश्री मिरजेच्या एका दवाखान्यात रक्त तपासते. दोघांनी विश्रामबागच्या पुढे बांधायला निघालेल्या एका बिल्डिंगमधला सातव्या मजल्यावरचा फ्लॅट हेरला. वैनींचे यजमान शांतिनाथअण्णा खतांचं दुकान मुलासारखं सांभाळून नुकतेच मोकळे झालेले. ते म्हणाले, घेऊन टाका. वैनींची एकच अट होती.

"सैपाकघरातनं मावळतीचा दिवस दिसला पायजे. न्हाई दिसला तर तुमी जावा. मी हितंच ऱ्हाती, पाण्यात."

ही अट घरात कुणी मनावर घेतली नाही. मी तर नाहीच घेतली.

बिल्डिंग अजून जमिनीतून वर आलेली नव्हती, पण बिल्डरच्या ऑफिसात ती बघायची सोय होती. डोळ्यांवर एक मोठा काळा चष्मा चढवायचा, की माणूस थेट सातव्या मजल्यावर. चष्म्यातलं समोरच्या भिंतीवरच्या टीव्हीवरही दिसायचं. तीन वर्षांपूर्वीच्या वैशाखात सगळे बघायला निघाले आणि वैनींनी मलाही ओढलं. "तुला इंग्रजी येतंय, तू चल."

तिथं मुकुल नावाचा सेल्समन होता. तोंडात साखर आणि बोटात तीन अंगठ्या. त्यानं वैनींच्या डोळ्यांवर चष्मा चढवला. वैनी दोन पावलं चालल्या आणि थांबल्या. मग पायातल्या चपला काढून नीट जोडीनं बाजूला ठेवल्या.

"काकू, चपला राहू द्यात, हे आपलं ऑफिस आहे."

"दारात आलो न्हवं? चपला घालून घरात शिरू व्हय?"

सतरंजीवर अनवाणी त्यांचं घर बघणं चाललं. न्हाणीघरात शिरताना त्यांनी निऱ्या वर उचलल्या. सैपाकघरात गॅसच्या जागेशी उभ्या राहून डाव्या हातानं झाऱ्या कुठं टांगता येईल ते चाचपलं आणि मुकुलचा कानच धरला. शेवटी गॅलरीत आल्या. समोर कृष्णा, पलीकडे मळे. मुकुलनं आता हुकमाचं पान टाकलं, "काकू, हे बघा, तुमच्या गॅलरीतली संध्याकाळ!" त्यानं बटण दाबलं. तांबडाभडक सूर्य नदीवर आला आणि आठ सेकंदांत बुडाला.

वैनींनी हात जोडले. चष्मा काढला.

तेवढ्यात चहा आणि चुरमुऱ्यांचं भडंग आलं. मुकुल हुशार. जैन मंडळी येणार म्हणून त्यानं बिनलसणीचं भडंग मुद्दाम करवून घेतलं होतं. बशी पुढे केली तशी वैनींनी हात मागे घेतला.

"आता न्हाई. दिवस मावळला."

ऑफिसच्या घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

"काकू, तो कंप्युटरमधला होता," मुकुल म्हणाला.

"मला काय कळत न्हाई व्हय? खोटाच हुता. पर डोळ्यांनी मावळताना बघितला, हात जोडलं. आता परत तोंडात घास कसा घालू?"

अण्णा चिडले, अतिशयनं समजावलं, भाग्यश्रीनं हात धरून खिडकीशी नेऊन खरा सूर्य दाखवला. वैनींनी त्याची बोटं मोजली, साडेनऊ भरली, पण घास घेतला नाही. "डोळ्यानं बघितलेलं आज न्हाई म्हटलं, तर उद्या न बघितलेलं व्हय म्हणावं लागंल." पाण्याचा थेंबही घेतला नाही, थेट दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. मुकुलचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. गिऱ्हाईक हातचं गेल्याची त्याला सवय असेल, पण गिऱ्हाईक उपाशी घालवायची त्याची पहिलीच वेळ.

मला वाटलं, प्रकरण संपलं. तर दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी करून वैनी माझ्या दारात उभ्या. "चल. त्यानं काल मावळवला त्यो कुठल्या महिन्यातला हुता, इचारू."

मुकुल आम्हाला बघून उभाच राहिला. त्यानं आधी टेबलावरचं भडंग आत नेऊन ठेवायला सांगितलं. मग चौकशी केल्यावर कबूल केलं की मे महिन्यातला होता, तोच सगळ्यांना दाखवतात. पण यंत्र तसं इमानी निघालं. सांगलीचा सूर्य, तारीख टाका, वेळ टाका, बरोबर त्या जागी उभा राहतो.

"मग मला मार्गशीर्षातला लाव."

मुकुलनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "डिसेंबर." तेव्हा कळलं मला कशासाठी आणलंय.

डिसेंबर लागला. वैनींनी सवयीनं हात लांब केला आणि किंचाळल्या, "उमा, माझी बोटं कुठं गेली गं!" चष्म्यात स्वतःचा हात दिसत नाही. मुकुलनं घाईघाईनं त्यांच्या मुठीत दोन दांडकी दिली, ती धरली की आत हात दिसायला लागतात. दिसले ते करड्या रंगाचे, बिनबांगड्यांचे, केळ्यांएवढ्या जाड बोटांचे.

"हे कुणाचं हात हायत?"

"तुमचेच, काकू."

"माझं असतं तर भाकरी थापता आली नसती." तरीही त्यांनी त्या परक्या बोटांचं माप आधी ठरवून घेतलं. मुकुलला सूर्य तासाभराच्या अंतरानं मागेपुढे करायला लावला आणि निकाल दिला, "ह्याची तीन म्हंजे माझी चार." मग मोजणी सुरू झाली. आणि मोजता मोजता त्या म्हणाल्या, "ह्या मोकळ्या जागेत काय हुणार हाय?"

मुकुल खाकरला. तिथं दुसरी बिल्डिंग होणार होती, ती यंत्रात होती, पण लपवून ठेवली होती. वैनींनी ती उभी करायला लावली. डिसेंबरातला सूर्य दक्षिणेकडे सरकलेला, तो साडेपाचच्या आधीच तिच्या मागं गेला.

"ही भिंत. हिच्यापेक्षा आमचा पत्रा बरा."

त्यानंतर पंधरा दिवस आम्ही तिथं जात होतो. वैनींनी अकरा फ्लॅटमध्ये बारा महिन्यांचे सूर्य मावळवले, रोज सकाळी जेवून आल्यावर, म्हणजे उपासाची भानगड नको. "आता खोटा खोटाच म्हणून बघती, हात जोडत न्हाई," असा त्यांनी स्वतःपुरता तोडगा काढला होता. इतर गिऱ्हाईकं खोळंबायची. एकदा उंब्रजहून आलेल्या नानासो नावाच्या गृहस्थांना वैनींनीच चष्मा चढवला आणि सल्ला दिला, "आवं, मे महिना बघू नगा, फशीवतात." नानासो फ्लॅट न घेता गेले. मुकुलच्या अंगठ्या तिनाच्या दोन झाल्यासारख्या मला वाटल्या.

शेवटी एक सापडला. चौथा मजला, मागच्या बाजूचा कोपरा, सैपाकघर मावळतीकडे. समोर हळदीच्या गोदामांचे बसके पत्रे आणि त्यापलीकडे मोकळं रान. नदी दिसत नाही म्हणून तो कुणी घेत नव्हतं. पण सैपाकघराच्या खिडकीतून सूर्य बाराही महिने पार जमिनीला टेकेपर्यंत दिसत होता.

अतिशय मात्र सातव्या मजल्यावर अडला. नदीचं दर्शन सोडून गोदामाचे पत्रे बघायला कोण जाईल? अण्णाही मुलाच्या बाजूनं. "कॅलेंडर हाय, मोबाईल हाय, सूर्य कशाला पायजे? सगळी हसतील." शेवटचं ठरवायला रविवारी सगळे ऑफिसात गेलो. मीही मनातून अण्णांच्याच बाजूची होते.

"एकदा दोनी घरात डिसेंबरातली संध्याकाळ दाखव," वैनी मुकुलला म्हणाल्या. "आठ सेकंदांची नगं. जरा दमानं."

मुकुलनं संध्याकाळचा तास पाच मिनिटांत बसवला आणि सातव्या मजल्याचं सैपाकघर लावलं. आम्ही टीव्हीकडे बघत बसलो. वैनी ओट्याशी उभ्या राहिल्या, आणि त्यांचे हात आपोआप चालायला लागले. दांडकी धरलेल्या मुठींनी त्या वाढत होत्या. "हे ह्यास्नी. गरम हाय तवर खावा. हे अतिशयचं. भाग्यश्री, आलीस? हात धू, बस. मिरजेच्या गाडीला उशीर झाला न्हवं, आसूंदे. हे तुझं." मग वळून खिडकीकडे हात लांब केला. टीव्हीवर सूर्य भिंतीमागं गेला.

"झालं. माझं ऱ्हायलं," वैनी म्हणाल्या. पाऊस नाही आज, असं म्हणावं तितक्या सहज. आणि पुढे मुकुलला, "आता मागचं लाव."

मागचं सैपाकघर लागलं. पुन्हा तेच वाढणं, तेच अण्णा, तोच अतिशय, तीच भाग्यश्री. हात लांब केला. गोदामांच्या वर सूर्य होता. "दोन बोटं हायत," वैनी म्हणाल्या, खाली सतरंजीवर मांडी घालून बसल्या आणि समोर नसलेल्या ताटाला हात लावला.

मग अण्णांनी विचारलं, "कवापास्नं?"

वैनींनी चष्मा काढला. "काय कवापास्नं?"

"हे, माझं ऱ्हायलं."

"हिवाळ्यात हुतंय की. रोज न्हाई. उन्हाळ्यात पोटभर जेवती."

"तू तर म्हणायचीस भूक न्हाई."

"मग काय म्हणायचं?"

भाग्यश्री रडायला लागली. मला स्वतःची लाज वाटली. तीस वर्षं ही बाई सबंध गल्लीला जेवायला हाका मारत होती आणि मी समोर राहून कॅलेंडर शिकवत होते. तिचं ताट कधी पडतं हे मी एकदाही बघितलं नाही. अतिशय उठला आणि मुकुलला म्हणाला, "चौथा मजला, मागचा." मुकुलनं डोळे पुसले. विक्री झाली म्हणून की आणखी कशानं, ते त्यालाच ठाऊक.

गेल्या मार्गशीर्षात ती मंडळी तिकडे राहायला गेली. गल्लीतल्या बायकांना रोज संध्याकाळी आता फोनवर ओरडा येतो. मी परवा पहिल्यांदा गेले, साडेपाचच्या सुमारास. दारात चपला काढल्या आणि आत बघते तर सैपाकघराच्या खिडकीशी अण्णा उभे. हात लांब, एक डोळा मिटलेला. आणि वैनी खाली पाटावर, समोर वाढलेलं ताट. सगळ्यांच्या आधी.

त्यांना बसून जेवणं काही जमत नव्हतं. दर घासाला उठायला बघायच्या. कोशिंबीर झाकली का, भाग्यश्री आली का.

"बस गं, मी बघतोय न्हवं?" अण्णा खिडकीतून न वळता म्हणाले. "दोन बोटं हायत अजून. दमानं जेव."

अण्णांची बोटं जाड, त्या चष्म्यातल्या हातांसारखी. मी हळूच माझा हात लांब करून बघितला. तीन भरली. वैनींनी माझ्याकडे बघितलं, डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "मग आणखी एक भाकरी वाढा."