गुलाबी बुडाची सुई

सुयांना रंग असतात हे पुष्कळांना माहीत नसतं. सुईच्या बुडाशी प्लास्टिकचा जो भाग असतो, त्याच्या रंगावरून ती किती जाड ते कळतं. गुलाबी म्हणजे अठरा नंबर, चांगली जाड. पिवळी वीस, हिरवी एकवीस, काळी बावीस, निळी तेवीस. नंबर वाढेल तशी सुई बारीक होत जाते, आणि नवशिके हमखास इथेच चुकतात. मी नवशिकी नव्हते. तीसेक वर्षं सरकारी उपकेंद्रात सिस्टर म्हणून काढली. आया लेकरं घेऊन यायच्या आणि एकमेकींना सांगायच्या, "ह्या सिस्टरचा हात लई हलका हाय." तरीही घरच्या मांजराला सलाईन लावायची वेळ आली तेव्हा मी चुकीची सुई आणली, आणि ती जाणूनबुजून आणली.

मांजर म्हणजे बोका. खरं तर तो माझा नाही, आबांचा. आबा म्हणजे माझे वडील. माझे मालक गेल्यावर मी त्यांना आष्टी तालुक्यातल्या आमच्या गावाहून वडवणीला आणलं. "लेकीच्या घरी ऱ्हात न्हाईत," म्हणून वर्षभर हटून बसले होते. आता माझ्याच चहाला नावं ठेवतात. जन्मभर मेंढरांमागे फिरलेला माणूस, मांजराला जनावरातच धरत नव्हता. पण पुढे कान गेले. इतके गेले की आबांशी बोलायचं म्हणजे अख्ख्या गल्लीशी बोलायचं. घशाला ताण द्यायचा कंटाळा म्हणून लोक यायचे कमी झाले, आणि कुठूनसा हा पिवळा बोका येऊन त्यांच्या घोंगडीवर बसला. त्याच्याशी ओरडून बोलावं लागत नाही. आबा त्याच्या पाठीवर हात ठेवून बसतात आणि त्याची घुरघुर तळहातानं ऐकतात.

गेल्या उन्हाळ्यात बोका वाळायला लागला. पाणी सारखं प्यायचा, खाण्याला तोंड लावायचा नाही. बाजाराच्या पिशवीत घालून मी त्याला एसटीनं बीडला नेलं. कंडक्टरनं पिशवीतून आलेलं डोकं बघितलं आणि म्हणाला, "मावशी, ह्याचं अर्धं काढू का पुरं?" मला हसू आलं नाही, कारण निघताना आबांनी माझा पदर धरून विचारलं होतं, "परत आणशील ना त्याला?"

जनावरांचे डॉक्टर तरुण होते. म्हणाले, किडन्या थकल्यात, पण रोज शंभर मिली सलाईन कातडीखाली गेलं तर बरेच दिवस काढेल. रोज बीडला आणायची गरज नाही, घरीच देता येईल. दोन खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत उचलून त्यांनी तंबूसारखी केली आणि सुई कुठं घालायची ते दाखवलं.

"सिस्टर, तुम्हाला मी काय शिकवावं. गुलाबी घ्या. जाड दिसते, पण पाच-सहा मिनिटांत काम होतं. बारीक सुईनं थेंब थेंब जाईल, आणि मांजर काही अर्धा-पाऊण तास धरू देत नाही."

मी हो हो म्हटलं. वडवणीत उतरून मेडिकलच्या काउंटरपाशी उभी राहिले. पोऱ्यानं अठरा नंबरची पुडी पुढे ठेवली. कागदातून ती जाड नळी दिसत होती. "निळी दे," मी म्हटलं.

ती जाड सुई मी ओळखत होते. लहानपणी ती आबांच्या पागोट्यात असायची.

आमच्या मेंढरांना रोगाच्या सुया आबाच द्यायचे. काचेची पिचकारी, आणि सुई एकच. पन्नास मेंढरांना तीच, पुढच्या वर्षीही तीच. बोथट झाली की आबा ती दगडावर घासायचे, उकळायचे आणि तेलाच्या चिंधीत गुंडाळून पागोट्याच्या घडीत खोचून ठेवायचे. मेंढरू कसं धरायचं तर मागचा पाय पकडून. मागचा पाय पकडला की मेंढरू हलत नाही, आणि तिथंच मांडीत सुई द्यायची. मला अकराव्या वर्षी हे सगळं डोळे झाकून करता यायचं. आबा कौतुकानं सांगायचे की पोरगी माझ्यापेक्षा झटपट टोचते.

कळपाबरोबर एक कुत्री होती. तिला नाव नव्हतं, कुणी ठेवलंच नव्हतं. एका पहाटे लांडग्यानं तिची मान फाडली. आबांनी जनावरांच्या दवाखान्यातून पांढऱ्या औषधाच्या बाटल्या आणल्या आणि दोन दिवस स्वतः सुया दिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांना मेंढे घेऊन बाजाराला जायचं होतं. पागोट्यातली सुई काढून माझ्या हातात दिली. म्हणाले, "मानंला जखम हाय, तिकडं जाऊ नगं. बरगडीवरची कातडी उचल आन् तिथं दे. मांडीत देऊ नगं, कुत्र्याच्या मांडीत मांस नसतं."

मी ऐकलं होतं. पण बरगडीपाशी बसलं की तिचं तोंड माझ्या हाताजवळ यायचं, आणि त्या जखमेचा वास, ते उघडे दात. मला भीती वाटली. मी मागे गेले आणि हाताला जी सवय होती तेच हातानं केलं. मागचा पाय धरला आणि मेंढरांची ती जाड सुई तिच्या मांडीत घातली. ती ओरडली तसं कुत्रं ओरडलेलं मी नंतर कधी ऐकलं नाही. तिनं मागे वळून माझं मनगट तोंडात धरलं. चावली नाही. नुसतं धरलं आणि सोडून दिलं.

मानेची जखम भरून आली. पाय मात्र गेला. पंजा उलटा पडून जमिनीवर घासायला लागला, खर्र, खर्र. आबा म्हणाले, लांडग्यानं पाय बी मोडला वाटतं. मी म्हटलं, व्हय, तसंच असंल.

का झालं ते मला पुढे कळलं. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी बाईंनी फळ्यावर कुल्ल्याचं चित्र काढून त्याचे चार भाग केले आणि सांगितलं की सुई फक्त वरच्या बाहेरच्या भागात द्यायची, कारण बाकीच्या भागांतून पायाची मोठी शीर जाते आणि तिला सुई लागली तर पाय लुळा पडतो. मी वर्गातून उठून बाहेर गेले आणि नळापाशी ओकले. सगळ्यांना वाटलं मेसच्या भाजीनं झालं असेल.

पण नुसत्या पायाचं असतं तर मी कदाचित विसरले असते.

दिवाळीनंतर कळप घेऊन आम्ही चाऱ्याला निघायचो. त्या वर्षी कडा गावाजवळ एका शेतकऱ्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. तिथून निघताना आबांनी कुत्री त्याच्या गोठ्यात बांधून दिली. लंगडं कुत्रं कळपामागे चालू शकत नाही, इथं भाकरी तरी मिळेल, असं म्हणाले. दुसऱ्या दिवशी आम्ही कारखान्याच्या मुरमाच्या रस्त्यानं चाललो होतो. तट्टावर बिऱ्हाड आणि तान्ही कोकरं, आणि मी दुखणाईत कोकरं हाकत सगळ्यात मागे. सकाळपासूनच मला मागून आवाज यायला लागला. खर्र. थोडं थांबून परत खर्र. मागे बघावं तर उसाच्या गाड्यांचा धुरळा, त्यात काही दिसत नव्हतं.

मी आबांना सांगितलं नाही. हे मी आज सरळ लिहिते, कारण इतकी वर्षं स्वतःलाही सरळ सांगितलेलं नाही. मला वाटलं, ती आली तर आबा परत तिचा पाय बघतील, चाचपतील, मांडीवरची सुईची गाठ त्यांच्या हाताला लागेल, आणि माझं बिंग फुटेल. म्हणून मी गप्प चालत राहिले. आबा त्या दिवशी मेंढरांना उगाच मोठमोठ्यानं हाका घालत होते, घसा बसला तरी थांबत नव्हते. दोन हाकांच्या मध्ये तो आवाज यायचा. दुपार कलल्यावर यायचा थांबला.

परतीच्या वाटेवर तो शेतकरी म्हणाला, "तुमची कुत्री ऱ्हायलीच न्हाई. तुमी गेलात त्याच सांजंला दोरी कुरतडून पळाली तुमच्या मागं." आबांनी पुढे काही विचारलं नाही. मीही नाही.

तेव्हापासून तो आवाज आहे. उपकेंद्राच्या व्हरांड्यात कुणी चप्पल घासत आलं तरी माझा हात थांबायचा. मी आयुष्यभर बारीक सुया वापरल्या, त्याला लोक हलका हात म्हणाले.

तर निळी सुई. मी बाटली कोमट पाण्यात बुडवून घ्यायची, आबांची घोंगडी ज्या खुंटीला असते तिथं टांगायची आणि बोक्याला मांडीवर घ्यायची. थेंब पडायचे, पण अगदीच सावकाश. पंधरा मिनिटं तो सोसायचा, मग अंग झाडायचा, सुई निसटायची आणि पाणी माझ्या लुगड्यावर. शंभरातलं तीस-चाळीस आत जायचं. मी म्हणायची, जाऊ दे, उद्या. आठवडाभरानं बोक्याला उतार नाही म्हणून मी फोन केला, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "रोज शंभर जातंय ना?"

"जातंय," मी म्हटलं. अकरा वर्षांच्या पोरीनं जेवढ्या सहज म्हटलं होतं तेवढ्याच सहज साठीची बाई बोलून गेली.

"मग अवघड आहे, सिस्टर. शंभर जाऊनही उतार नसेल तर किडन्या साथ देत नाहीत असंच धरायचं. दोन दिवस बघू, नाहीतर बंद करू. उगाच टोचून हाल कशाला."

फोन ठेवला. मी स्वयंपाकघरात होते. आणि मागून आवाज आला. खर्र. थोडं थांबून परत खर्र. वळून बघितलं तर बोका पाण्याच्या वाटीकडे येत होता. अशक्तपणानं त्याचे मागचे पाय उचलत नव्हते, पंजे शहाबादी फरशीवर घासत होते.

मी तशीच चप्पल घालून मेडिकलला गेले आणि गुलाबी बुडाची सुई घेऊन आले.

बोक्याला आबांच्या मांडीवर दिलं, बाटली टांगली, कातडी उचलली. आणि हात पुढे जाईना. सुई कातडीपासून बोटभर अंतरावर आणि माझं मनगट कुणीतरी धरल्यासारखं झालेलं. चावत नाही, नुसतं धरलेलं.

"कावून थांबलीस?" आबा म्हणाले.

मी सांगून टाकलं. सांगून म्हणजे ओरडून, कारण त्याशिवाय त्यांना ऐकू जात नाही. पन्नास वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट मी भर दुपारी गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितली. "आबा, कुत्रीचा पाय लांडग्यानं न्हाई मोडला! मी मांडीत सुई दिली! तुमी नगं म्हणलं व्हतं तरी दिली!" समोरच्या बाई कपडे वाळत घालता घालता थांबल्या. मला लाज वाटली नाही. "आन् ती मागून येत व्हती, आबा! कारखान्याच्या रस्त्यावर! मला ऐकू येत व्हतं! मी सांगितलं न्हाई!"

आबा बोक्याच्या कानामागे खाजवत राहिले. मला वाटलं, ऐकूच गेलं नाही, आता परत ओरडावं लागणार. मग ते बोलले, हळू आवाजात.

"सुईचं मला म्हाईत न्हवतं. ती येत व्हती ते म्हाईत व्हतं."

मी सुई खाली घेतली.

"सकाळधरनं ऐकू येत व्हतं. तट्टावर जागा न्हवती, कोकरं व्हती. थांबलो असतो तर चारा गेला असता."

"मग एवढ्या हाका कावून घालत व्हता?"

"तुला ऐकू जाऊ न्हाई म्हणून," आबा म्हणाले. "दे आता. बोका अवघडलाय."

मी सुई दिली. बोक्यानं कान हलवला, बाकी काही नाही. सहा मिनिटांत शंभर मिली गेलं, खांद्यांमध्ये उंटाच्या वशिंडासारखी मऊ पिशवी झाली आणि तो आबांच्या मांडीवर झोपला. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना खरं सांगितलं. ते रागावले, नंतर म्हणाले, चालू ठेवा.

बोका अजून आहे. पाय बऱ्यापैकी उचलतो, घरात आता पंजे घासत नाहीत. रोज दुपारी चारला मी बाटली टांगते, आबा त्याला धरतात. परवा मी त्यांच्याकडे न बघता, अगदी साध्या आवाजात, त्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारलं, "आबा, तुमाला अजून येतो का हो तो आवाज?"

त्यांना कसं कळलं कोण जाणे, बाटलीकडे बघत आबा म्हणाले, "आता तेवढाच ऐकू येतो."