बुकर कियारीला दिसणारी टाकी

आमच्या बुलाकुराच्या धावपट्टीवर विमान येतं आठवड्याला एक आणि बकऱ्या रोज चाळीस. बकऱ्या हाकलायचं काम माझं, हवा सांगायचं बुकर कियारीचं. बावीस वर्षं झाली, पण हवा बघायच्या ओट्यावर अजून असा चढतो, जणू वाळवंटातून धूळ आणणारा हरमॅटनचा वारा त्याला विचारूनच सुटतो.

मशिदीचा मनोरा दिसला तर आठशे मीटरपर्यंतचं दिसतं, पाण्याची टाकी दिसली तर तीन किलोमीटरपर्यंतचं. त्यावरून पुढच्या दोन तासांचा अंदाज रेडिओवर सांगायचा.

धुळीचा चौथा दिवस होता. राजधानीहून आलेला हवामानाचा नकाशा म्हणत होता, धूळ आणखी दाटेल. बुकरने डोळे बारीक केले. "टाकी दिसतेय की! नकाशेवाल्यांना म्हणावं, चष्मे पुसा." त्याने 'तीन किलोमीटर, पुढे सुधारणा' कळवलं आणि झिंदेर शहराहून विमान सुटलं. त्यात लसींच्या पेट्यांसोबत त्याची परिचारिका मुलगी होती, गुम्सू.

तासाभराने दूधवाली दिक्को आली. ती फुलानी जमातीची, हा कानुरी जमातीचा. दोघांनी एकमेकांना गुलाम म्हणायचं, ही बापजाद्यांची थट्टा. रागावेल तो मूर्ख.

"काय रे गुलामा, काय बघतोस?"

"मालकाला काम करू दे. टाकी बघतोय."

"टाकी? परवाच उतरवली ती, गळत होती. बाजारामागे आडवी पडलीये. माझी वासरं बसतात तिच्या सावलीला."

बुकर पोट धरून हसला. "दुधात पाणी घालतेसच, आता बातमीतही?"

मीही हसलो. दिक्कोने डोक्यावरचा तुंबा खाली ठेवला. "बुकरदादा, अल्लाशपथ. टाकी नाहीये तिथे."

इतक्या वर्षांत तिने त्याला कधी नावाने हाक मारली नव्हती. बुकरचं तोंड राखेसारखं झालं. समोर नुसती तपकिरी धूळ होती. "अरे, ती काय..." असं म्हणत त्याने बोट उचललं, ते तसंच ठेवून तो रेडिओकडे धावला.

"उतरू नका! मी चुकलो! मनोरासुद्धा दिसत नाही!"

नुसती खरखर. इंजिनाचा आवाज डोक्यावर आला, खाली आला, आणखी खाली. पट्टीवर बकऱ्या होत्या, मी जागेवरूनच ओरडून त्यांना हाकलत राहिलो. दिक्कोने कान झाकले.

मग वैमानिकाचा आवाज आला. "तुम्ही तीन म्हणालात म्हणून उतरत होतो, साहेब. इथे काहीच दिसत नाही. परत जातो."

आवाज वर चढला आणि पश्चिमेला विरला.

"झिंदेर तरी दिसेल ना तुम्हाला?" बुकरने विचारलं. उत्तर आलं नाही.

विमान झिंदेरला उतरलं की नाही, हे कळायला अजून तासभर होता. बुकरने मला ओट्यावर चढवलं आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसला.

"काय दिसतं?"

"काही नाही."

"नीट बघ," तो म्हणाला. "पुन्हा बघ."