मुलांच्या पातळीवर उतरणारे साडू

रत्नागिरीत कुठल्याही घरी मुलाने भोकाड पसरलं की ते आधी आमच्या साडूंना ऐकू जातं, आईबापांना मागाहून. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांच्या बरोबरीच्यांपैकी कुणी कलमं लावली, कुणी मधुमेह जोपासला; हे मोबाइलवर बालमानसशास्त्र बघू लागले. तेव्हापासून हट्टी मूल हा प्रकार त्यांच्या लेखी जगात उरला नाही. थुंकणारं मूल 'व्यक्त' होत असतं, ताट भिरकावणारं काहीतरी 'मागत' असतं. शेजारच्या पोराने त्यांचा चष्मा माडाच्या आळ्यात टाकला, तेव्हा चिखलात चाचपडत ते म्हणाले, "त्याला लक्ष हवं होतं हो."

"आणि तुम्हाला आता काय हवंय?" माझ्या मेहुणीने पडवीतून विचारलं.

"चष्मा," साडू म्हणाले.

मुलाशी त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर जाऊन बोलायचं, हा त्यांचा मुख्य नियम. लांज्याला एका लग्नात एक मुलगा जिलेबीसाठी फरशीवर आडवा पडून पाय झाडत होता. साडू तडक गेले आणि इस्त्रीच्या झब्ब्यासकट त्याच्या शेजारी आडवे झाले. "तुला राग आलाय. खूप राग आलाय," असं हळू आवाजात सांगू लागले. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर आली. कुणी कांदा आणला, कुणी तोंडावर तांब्या उपडा केला, वरपक्षाचे डॉक्टर भरल्या पानावरून धावले. या गोंधळात मुलगा गप्प झाला. निथळणारे साडू उठून बसले आणि म्हणाले, "बघितलंत? झाला की नाही शांत?"

यंदा मे महिन्यात त्यांची लेक पुण्याहून आली. कडेवर तान्हा मुलगा, हाताशी चार वर्षांची मुलगी. ही मुलगी हल्ली चावत सुटली होती. लेक रडकुंडीला येऊन म्हणाली, "बाबा, बाळाला चावली तर? हिला काही महिने तुमच्याकडेच ठेवू का?" साडूंना आनंद लपवता येईना. नातीला घेऊन ते लगेच भाट्याच्या किनाऱ्यावर निघाले. मीही सोबत होतो. पाणी दिसताच पोरगी धावली. त्यांनी हात धरला, तर ती कडकडून चावली आणि त्यांच्या खिशातला मोबाइल ओढून तिने लाटेत फेकला. साडू असे गरजले की सुरूच्या बनातली जोडपी उठून उभी राहिली.

नात रडली नाही. त्यांच्याकडे निरखून बघत तिने विचारलं, "आजोबा, तुमच्याकडे पण नवीन बाळ आलं?"

साडू ओल्या वाळूतच बसले. मग तिला जवळ घेऊन म्हणाले, "नाही गो. मी उगाच ओरडलो."

घरी येऊन त्यांनी लेकीला सांगितलं, "हिला इथे ठेवायची नाही. बाळाला माझ्याकडे दे आणि तू हिच्याबरोबर जा. नुसती खेळ." मग उरलेली सुट्टी मायलेकी किनाऱ्यावर, आणि साडू पडवीत, तान्ह्याच्या शी-शूच्या दिमतीला. चावणं एकदम थांबलं नाही, पण कमी होत गेलं.

परतीच्या दिवशी आम्ही लेकीला, मुलांना आणि त्यांना न्यायला आलेल्या जावयाला हातखंब्याच्या फाट्यापर्यंत सोडायला गेलो. बस सुटली. साडू हात वर करून उभे होते. खिडकीत नात आईच्या मांडीवर बसून तिला काहीतरी भरभरून सांगत होती. बाळ बापाकडे होतं. बस वळणाआड गेल्यावर साडूंनी हात हळूच खाली घेतला.

"टाटा करायलाही विसरली," ते म्हणाले. आणि जरा थांबून, दुसरीकडे बघत, "बरं झालं."