कागदाची पाठ वाचणाऱ्या मॅडम

मला फसवलं ते एका खासगी फार्मसी कॉलेजच्या प्रवेश कक्षात बसणाऱ्या साहेबांनी, आणि फसलो मी, जालन्याच्या मोंढ्यात पंचवीस वर्षं बारदान्याचा, म्हणजे रिकाम्या पोत्यांचा, धंदा करणारा माणूस. हे आधीच सांगून टाकतो. कॉलेजचं नाव लिहीत नाही. ते लिहिलं तर लोक नावावरच बोलत बसतील, आणि मला बोलायचं आहे ते त्याच इमारतीत, जिन्याखालच्या खिडकीत बसणाऱ्या एका मॅडमबद्दल.

त्या खिडकीवर 'शिष्यवृत्ती' एवढंच लिहिलेलं होतं. मॅडम चाळिशीच्या पुढच्या, केदारखेड्याकडून दोन बस बदलून यायच्या. कागद हातात आला की त्या पहिल्यांदा तो उलटा करायच्या. पुढची बाजू नंतर. शिक्का, शेरा, बारीक अक्षरातली अट, सगळं मागं असतं असा त्यांचा अनुभव. कोणी फाईल पुढं सरकवली की ठरलेलं वाक्य यायचं, "पाठ दाखवा भाऊ. तोंड काय, सगळेच दाखवतात."

दुसरं वाक्य आवाज चढवणाऱ्यांसाठी होतं. "आवाज कमी करा, कागद घाबरतो." ते त्यांनी मला किती वेळा ऐकवलं, याचा हिशेब मी ठेवलेला नाही.

माझा स्वभाव मोंढ्यात, म्हणजे अख्ख्या धान्यबाजारात, सगळ्यांना ठाऊक आहे. नववीत शाळा सुटली. हमाली केली, फाटकी पोती सुतळीनं शिवून विकली, त्यातून दुकान उभं केलं. मला कोणी काही दिलेलं नाही, म्हणून समोरच्यानं सांगितलेला भाव मी आजवर एकदाही मान्य केलेला नाही. डॉक्टरचा नाही, लग्नातल्या मंडपवाल्याचा नाही. माझ्या मुलीला, प्रणालीला, याची लाज वाटते. "पप्पा, तिथं तरी भांडू नका," असं ती घरातून निघतानाच सांगते.

मागच्या वर्षी तिला फार्मसीला जायचं होतं. आमच्यासारख्या घरातल्या मुलींची खासगी कॉलेजातली शिक्षण फी सरकार भरतं, हे मला कळलं होतं. घरचं उत्पन्न मर्यादेत हवं, ते होतं. तहसीलचा दाखला हवा, तो मी काढला होता. एवढ्यावर मी समजलो की आपण बसलो यादीत. आणखीही एक अट असेल, असं डोक्यातच आलं नाही.

सरकारी प्रवेशाच्या पहिल्या फेरीत प्रणालीनं पसंतीला संभाजीनगरची तीन मोठी कॉलेजं तेवढी टाकली होती. त्यातलं एकही लागलं नाही. ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी प्रवेश कक्षातल्या त्या साहेबांचा फोन आला. आवाज इतका गोड, की माझ्या धंद्यात असता तर मी सावध झालो असतो.

"फेरीच्या भरवशावर बसाल तर पोरगी कुठं लांब फेकली जाईल," ते म्हणाले. "आमच्याकडं आत्ता जागा हाय. उद्या न्हाई ऱ्हाणार."

मी गेलो. त्यांनी फी सांगितली. मग मी माझं काम सुरू केलं. तासभर बसलो. दोनदा उठून फाटकापर्यंत आलो, दोन्ही वेळा त्यांनी शिपाई पाठवून परत बोलावलं. तिसऱ्या चहाला त्यांनी फीचा चौथा हिस्सा कमी केला. उठता उठता मी विचारलं, "अन् शिष्यवृत्ती?"

"ती मिळतेच की हो. फॉर्म भरला की झालं."

हे वाक्य त्यांनी पंख्याकडं बघत म्हटलं होतं. ते मला आता आठवतं. तेव्हा मी जिंकल्याच्या आनंदात होतो. पहिला हप्ता भरला, मुलीचा शाळा सोडल्याचा मूळ दाखला त्यांच्या हवाली केला आणि येताना पाव किलो पेढे घेतले.

दुसऱ्या दिवशी फाईल घेऊन जिन्याखालच्या खिडकीवर गेलो. पुढं पाच-सहा जण होते.

"मॅडम, जल्दी करा. दुकान उघडं टाकून आलोय."

"पाठ दाखवा."

त्यांनी माझी पावती उलटी केली, चष्मा कपाळावर सरकवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "भाऊ, हे वाचलं का? 'संस्था स्तर' लिहिलंय."

"मंग?"

"मंग ही जागा संस्थेची झाली. सरकारच्या गुणवत्ता फेरीतून लागलेली न्हाई. अशा जागेला सरकार फी देत न्हाई. एक रुपया न्हाई."

"साहेब तर म्हणले, मिळते!"

"लिहून दिलं का त्यांनी?"

माझा पारा चढला. तुम्ही सगळे आतून एक आहात, गरिबाच्या पोरीचं वाटोळं करून राह्यलात, असं काहीबाही मी ओरडलो. मॅडमनी पावती छातीशी धरली. "आवाज कमी करा, कागद घाबरतो." रांगेतले लोक हसले. मी आणखी भडकलो. त्या थांबल्या, माझा श्वास संपू दिला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "भाव केला का तुम्ही?"

"केला. चौथा हिस्सा उतरवला."

"जी फी तुम्हाला भरायचीच नव्हती, तिचा?"

त्या चिडवत नव्हत्या. चिडवलं असतं तर मला सोपं गेलं असतं. पंचवीस वर्षांत मी पोतं हातात घेऊन त्याचा धागा सांगत आलो, आणि इथं सरकार फुकट देत असलेल्या गोष्टीचा तासभर भाव करून आलो होतो. चार वर्षांची फी आता माझ्या डोक्यावर होती. ती मला झेपणार नव्हती. दुसऱ्या वर्षी पोरीला घरी बसवावं लागलं असतं, हे मला तिथं उभ्या उभ्या दिसलं.

"पोरीचा गुणवत्ता क्रमांक काय?"

मला माहीत नव्हता. त्यांनी माझाच फोन मागून प्रणालीला लावला. क्रमांक ऐकला, खणातून मागच्या वर्षीची यादी काढली, तीही पाठीकडून, आणि बोट खाली नेत नेत थांबल्या. "तुझ्या मागच्या नंबरवाल्यांना बी मागच्या साली हेच कॉलेज फेरीतून लागल्तं. बेटा, पुढच्या फेरीचे पर्याय भरले का?"

"न्हाई मॅडम. पप्पा म्हणले, आता गरज न्हाई."

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मी जिन्याकडं पाहिलं.

"उद्या संध्याकाळी बंद होऊन राह्यलेत. फोन ठेवला की लगेच भर. हेच कॉलेज पहिलं टाक."

मग त्यांनी एका जुन्या फॉर्मच्या कोऱ्या पाठीवर प्रवेश रद्द करायचा अर्ज लिहून दिला. दोन प्रती. "वर जाऊन भांडू नका. आवक खिडकीवर द्या, शिक्का मारून घ्या. शेवटच्या तारखेच्या आत रद्द केलं तर थोडं कापून बाकी परत मिळतं. नियमच हाय."

मी आधी वर जाऊन भांडलो. साहेब म्हणाले, भरलेले पैसे विसरा, दाखला संस्थेच्या मुख्य ऑफिसात गेला. मी टेबलावर हात आपटला, त्यांची पाण्याची बाटली पडली, शिपाई आला. दहा मिनिटांनी मी परत जिन्याखाली.

"झालं भांडून?" मॅडम म्हणाल्या. "आता अर्ज द्या."

अर्जावर शिक्का बसल्यावर त्या स्वतः उठल्या. मूळ दाखले कुठंही गेलेले नव्हते. ते तपासणीसाठी त्यांच्याच मागच्या कपाटात असायचे. त्यांनी रजिस्टरात नोंद केली, माझी सही घेतली आणि दाखला काढला. तेवढ्यात साहेब जिना उतरून आले.

"मॅडम, तुम्ही कोणाच्या बाजूनं हाय?"

"दाखला पोरीचा हाय, साहेब," दाखला माझ्या हातात देत त्या म्हणाल्या. "मी दाखल्याच्या बाजूनं."

रांगेतलं कोणी हसलं नाही. साहेब परत वर गेले. मॅडमनी रजिस्टर मिटलं आणि पुढच्या माणसाची फाईल उलटी केली. त्या नोकरी करार पद्धतीवर करत होत्या, हे मला नंतर कळलं.

पुढचे दिवस मी दुकानात कोणाशी नीट बोललो नाही. फेरीचा निकाल आला त्या दुपारी प्रणाली मोंढ्यापर्यंत धावत आली, चपला हातात. "पप्पा, लागलं! तेच लागलं!" तेच कॉलेज, तोच वर्ग, तोच बाक म्हणा. फरक एवढाच की आता ती सरकारच्या फेरीतून आली होती आणि तिची शिक्षण फी सरकार भरणार होतं. क्विंटलभराचं पोतं खांद्यावरून उतरलं की मान आपोआप वर येते. माझं तसं झालं. मी दुकानाच्या पायरीवर बसलो आणि पुढचा अर्धा तास आलेल्या गिऱ्हाइकांना ते सांगतील त्या भावात पोती दिली. शेजारचे दुकानदार अजून तो अर्धा तास विसरलेले नाहीत. पहिला हप्ताही पुढं थोडा कापून परत आला.

त्यानंतर मी त्या खिडकीवर कामाशिवाय जाऊ लागलो. कोपऱ्यात उभा राहून बघायचो. तुम्हीही बघितलं असतं. कागद कमी पडले की बहुतेक बाबू 'कागद अपूर्ण' म्हणून माणूस परत पाठवतात. मॅडम चिठ्ठी लिहायच्या, आणि ती चिठ्ठी बसच्या रस्त्याप्रमाणे असायची. हसनाबादच्या एका बाईला त्यांनी दिलेली मी वाचली. सकाळच्या गाडीनं आधी भोकरदन, तहसीलला उत्पन्नाचा दाखला. तिथून खाली उतरून बँक, आधार जोडून घ्या. बँकेत जेवणाची सुट्टी व्हायच्या आत पोचा. मग जालन्याची गाडी. खाली एक ओळ: 'परत यायला उशीर झाला तर उद्या या, मी आहे.'

ती बाई चिठ्ठी पदराला गाठ मारून घेऊन गेली.

मॅडमना काहीतरी द्यावं असं मला वाटत होतं. त्यांच्या घरी मका होता. मी म्हणालो, "ताई, चाळीस पोती पाठवून देतो. पैशाचं नाव काढू नका."

"फुकट घेणार न्हाई."

"मंग भावात घ्या."

"तुमच्या भावानं बी घेणार न्हाई."

रविवारी त्या नवऱ्याला घेऊन दुकानात आल्या. पोतं हातात घेतलं आणि सरळ उलटं केलं, आतली शिवण बाहेर. एक, दोन, अकरा पोती बाजूला काढली. "ही दुसऱ्यांदा वापरलेली हायेत, भाऊ. धुतली म्हणून नवी झाली का?" मग भाव सुरू झाला. मी हात वर केले, आईची शपथ घेतली, गल्ला बंद केल्यासारखं केलं. त्या उठून रस्त्यापर्यंत गेल्या. मी माणूस पाठवून परत बोलावलं. शेवटी जो भाव ठरला त्यात मला काही सुटलं नाही. नवरा बिचारा कोपऱ्यात बसून चहा पीत होता. जाताना तो मला हळूच म्हणाला, "मी तर घरात बोलतच न्हाई, दादा."

पंचवीस वर्षांत मी पहिल्यांदा हरलो, आणि त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

यंदा प्रवेशाच्या दिवसांत आमच्या मोंढ्यातल्या एका हमालाच्या मुलीला आणि तिच्या आईला घेऊन मी त्या कॉलेजात गेलो. खिडकीला आतून फळी ठोकलेली होती. वर छापील कागद: 'शिष्यवृत्तीविषयी सर्व चौकशी प्रवेश कक्षात करावी.' प्रवेश कक्षात तेच साहेब, आता गारव्याच्या केबिनमध्ये. बाहेर बाकांवर आईबाप बसलेले, मांडीवर फायली.

"मॅडमचा करार वाढवला न्हाई," शिपाई इकडं तिकडं बघत म्हणाला. "संस्थेच्या जागा भरून नव्हत्या राह्यल्या म्हणे. त्या सगळ्यांना फेरीत पाठवायच्या ना."

मी तिथूनच फोन लावला. मला वाटलं, त्या खचल्या असतील.

"बरं हाय, भाऊ," त्या म्हणाल्या. मागं प्रिंटरचा आवाज येत होता. "केदारखेड्यातच सेवा केंद्रावर बसून राह्यले. दोन बस वाचल्या. पोरं म्हणतात, आई आता उजेडात घरी येते." मग लगेच, "कोणाला घेऊन आल्ता तिथं? पैसे भरले का? न्हाई ना? मंग तिला इकडं घेऊन या."

मी दोघींना गाडीत घालून केदारखेड्याला नेलं. या आठवड्यात त्या मुलीला फेरीतून जागा लागली. तिचा बाप दुकानात आला आणि माझी एक गाडी उतरवून गेला, मजुरी घेतली नाही. म्हणजे माझं काम झालं, हमालाचं झालं, मॅडमचंही वाईट झालं नाही. माझ्या मनावरचं ओझं उतरलेलं आहे, हे मी कबूल करतो.

पण केदारखेडा सगळ्यांना माहीत नाही. त्या बाकांवरचे आईबाप अजून तिथंच बसलेले आहेत आणि एकेक करून आत जात आहेत. म्हणून संस्थेच्या अध्यक्षांना विचारतो. अध्यक्षसाहेब, जी बाई लोकांना त्यांच्या हक्काचं सांगत होती तिला कोणाच्या सांगण्यावरून काढलं? आणि जो माणूस मिळणार नसलेली शिष्यवृत्ती 'मिळतेच की' म्हणून जागा विकतो, तो कोणाच्या भरवशावर बसलाय? मला केबिनमध्ये चहाला बोलावू नका, मी येणार नाही. तुम्ही खाली या, त्या बाकांसमोर उभे राहा आणि त्यांच्या तोंडावर उत्तर द्या.